ओयालातले एकवीस महिने

पहिल्या दिवशी आफ्रिकेत, ओयालाच्या साइटवर गाडीतून उतरलो आणि खाली बघितलं तर जांभा. २०१३ चा सप्टेंबर, रात्रभर पाऊस पडून गेलेला, चारी बाजूंनी जंगल आणि मधोमध डोझरने सोलून काढलेली तांबडीलाल जमीन, राजापूरला आमच्या घरामागच्या सड्यावर असते तीच, भोकाभोकांची, मधेच पिवळट शिरा असलेली. माझे वडील आयुष्यभर चिरेखाणीवर होते त्यामुळे हा दगड मला न शिकता कळतो. एक ढेकूळ उचललं, नखाने खरवडलं, आणि मुंबई सोडल्यापासून पोटात जो गोळा आला होता तो तिथं सुटला.

मी मटेरियल टेस्टिंगचा माणूस. रस्त्याखाली जाणारी माती, मुरूम, खडी हे सगळं तपासून लेयर पास की फेल ते सांगायचं, हे माझं काम. डिप्लोमानंतर सात वर्षं कोकणात रस्त्याच्याच कामांवर होतो, मग एका ओळखीच्या सर्व्हेवाल्या काकांनी (जळगावचे, आफ्रिकेत त्यांची तेव्हा नऊ वर्षं झालेली) फोन केला, "अरे, इथं अख्खी राजधानी बांधतायत, मातीवाला माणूस पाहिजे, येतोस का?" देशाचं नाव इक्वेटोरियल गिनी. घरी कुणी ऐकलेलं नव्हतं, मीही नव्हतं. नकाशात बघितलं तर कॅमेरून आणि गॅबॉनच्या मधे एक चौकोनी तुकडा, आणि गंमत म्हणजे तेव्हाची राजधानी त्या चौकोनात नाहीच, ती समुद्रात वेगळ्या बेटावर. मलाबो. अख्खा देश २८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचे अकरा तुकडे केले तर त्यातला एक, आणि लोकसंख्या जेमतेम बारा लाख.

मुंबईत यलो फीव्हरची लस घेतली, पिवळं कार्ड मिळालं. ते पासपोर्टइतकंच जपा असं काकांनी बजावलेलं आणि ते शंभर टक्के खरं आहे, कारण जाताना दाखवावं लागतंच पण परत येताना ते नसेल तर आपल्याच एअरपोर्टवर सहा दिवस क्वारंटाइनमध्ये बसावं लागतं. तर अदिस अबाबामार्गे मलाबो, तिथून छोट्या विमानाने समुद्र ओलांडून बाटा, आणि बाटाहून गाडीने पूर्वेला आत आत. रस्ता इतका चांगला होता की मी बघतच राहिलो, चार पदरी, गुळगुळीत, आणि गाड्या जवळपास नाहीतच. मधे मधे मिलिटरीचे नाके, प्रत्येक नाक्यावर पासपोर्ट आणि कागद. फोटो काढायचा नाही हे पहिल्याच नाक्यावर ड्रायव्हरने हाताने खूण करून सांगितलं, तिथं फोटोलासुद्धा परमिट लागायचं. म्हणून ह्या एकवीस महिन्यांचे माझ्याकडे फोटो फार कमी आहेत, जे आहे ते डोक्यात आहे आणि ते विसरायच्या आत लिहून काढतोय.

शहराचं नाव तेव्हा ओयाला. जिल्ह्याचं नाव जिब्लोहो, त्यामुळे कुणी ओयाला म्हणायचं कुणी जिब्लोहो. पुढं २०१७ ला त्याला सियुदाद दे ला पास, म्हणजे शांतीचं शहर, असं नाव दिलं. राजधानी बेटावरून उचलून जंगलात का न्यायची हे मला काकांनी पहिल्या आठवड्यात समजावलं होतं. देश १९६८ ला स्पेनपासून स्वतंत्र झाला, पहिला राष्ट्राध्यक्ष मासियास, त्याच्या काळात भयंकर अत्याचार झाले, हजारो लोक मारले गेले आणि कितीतरी देश सोडून पळाले. १९७९ ला त्याच्याच पुतण्याने, तेओदोरो ओबियांगने, बंड करून सत्ता घेतली आणि तेव्हापासून तोच आहे. ९० च्या दशकात समुद्रात तेल सापडलं, पैसा आला, आणि पैशाबरोबर भीती पण आली. २००४ ला भाडोत्री सैनिक घेऊन बंड करायचा डाव होता, त्यांचं विमान झिंबाब्वेत हरारेला पकडलं गेलं. २००९ ला तर बंदूकवाले होड्यांतून आले आणि थेट मलाबोच्या राजवाड्यावर गोळीबार झाला. बेटावरच्या राजधानीला चारी बाजूंनी समुद्र, म्हणजे चारी बाजूंनी दार उघडं. आत जंगलात बसलं तर कुणी होडीतून येणार नाही. देशाच्या मधोमध असली की सगळ्या लोकांना जवळ पडेल असंही कारण सांगायचे. ओबियांगचं मूळ गाव त्याच भागात, मोंगोमोकडे.

प्लॅन एका पोर्तुगीज आर्किटेक्ट ऑफिसचा, दीड-दोन लाख माणसांसाठी, आठ हजार हेक्टरच्या वर जागा. काम करणाऱ्या कंपन्या कुठून कुठून आलेल्या, फ्रेंच, इजिप्शियन, चिनी, ब्राझीलच्या. वेले नदीवर चिन्यांनी १२० मेगावॉटचं धरण आधीच उभं केलं होतं. युनिव्हर्सिटीच्या बिल्डिंगी उठत होत्या. जंगलात एक पंचतारांकित हॉटेल तयार होतं, गोल्फ कोर्ससकट. आणि आमच्याकडे रस्ते.

आता माझ्या कामाचं सांगतो, कारण माझ्यासाठी ओयाला म्हणजे मुख्यतः हे काम.

बॉरो पिटमधून, म्हणजे भरावाच्या मातीच्या खाणीतून, जांभ्याचा मुरूम यायचा, ग्रेडर तो पसरायचा, टँकरने पाणी, मग शीपफूट आणि व्हायब्रो रोलर. लेयर झाला की मी आणि माझा हेल्पर ट्रे घेऊन जायचो. ट्रेच्या भोकातून छिन्नीने खड्डा खणायचा, लेयरच्या पूर्ण जाडीइतका, आणि निघालेला कण न् कण पिशवीत भरायचा, चमचाभर माती सांडली तरी आकडा चुकतो. मग सिलिंडरमधून मोजलेली कोरडी वाळू त्या खड्ड्यात सोडायची, वाळूवरून खड्ड्याचं आकारमान, मातीचं वजन भागिले ते आकारमान म्हणजे डेन्सिटी. लॅबमध्ये तीच माती साच्यात ठोकून जास्तीत जास्त किती घट्ट बसते ते काढतात, त्या टेस्टला प्रॉक्टर म्हणतात, त्या आकड्याशी ती ताडून बघायची, ९८ टक्क्यांच्या वर तर पास. ऐकायला सोपं आहे. पण तिकडची हवा इतकी दमट की वाळूच ओली व्हायची, सकाळी पत्र्यावर भाजून घ्यायला लागायची, आणि भाजून झाकून ठेवेपर्यंत आभाळ भरून यायचं. आभाळ आलं की ग्रेडरवाल्याला ओरडून सांगायचं, पसरलेला माल ताबडतोब दाबून, गुळगुळीत रोलर मारून, उतार देऊन बंद कर. दहा मिनिटं उशीर झाला की तो लेयर पाणी पिऊन चिखल, मग तो खरवडून काढा, वाळवा, परत टाका. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे आम्ही एकच शंभर मीटर परत परत करत होतो.

सुरुवातीला दोन महिने लेयर फेलच होत होते. रोलर बारा बारा फेऱ्या मारतोय, डोळ्याला पृष्ठभाग घट्ट दिसतोय, टाचेने ठोकलं तरी खूण उठत नाही, आणि डेन्सिटी ९४, ९५. रोलरवाले माझ्यावर चिडलेले, इंजिनियर म्हणतोय तुझी टेस्टच चुकतेय. मी रात्री लॅबमध्ये बसून प्रॉक्टर परत करायला घेतला. साच्यात माती, साडेचार किलोचा हातोडा, पंचेचाळीस सेंटिमीटर वरून, पाच थर. तेव्हा लक्षात आलं की आधीच्या माणसाने काय केलंय, एकच नमुना घेतला, ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला पूर्ण वाळवला, मग पाणी वाढवत वाढवत तीच माती परत परत ठोकली. बाकी मातीला हे चालून जातं. जांभ्याला नाही चालत. आमच्याकडे चिरा खाणीतून काढतात तेव्हा कुऱ्हाडीने तासता येतो इतका मऊ असतो, उन्हावाऱ्यावर ठेवला की कडक होतो आणि एकदा कडक झाला की पाण्यात बुडवून ठेवलात तरी परत मऊ होत नाही. त्यातलं लोह बसून जातं. ओव्हनमध्ये हेच झटक्यात होतं, माती बदलूनच जाते. आणि त्यातल्या गाठी हातोड्याखाली फुटत जातात, म्हणजे पाचव्या वेळी आपण जी माती ठोकतोय ती पहिल्या वेळची नाहीच, बारीक होऊन जास्त घट्ट बसणारी दुसरीच कुठली तरी. म्हणून आकडा खोटा चढलेला. मग मी खाणीतून ताजी माती आणली, सावलीत नुसती हवेवर सुकवली, पाण्याच्या प्रत्येक प्रमाणाला वेगळा नमुना घेतला. आकडा खाली आला, पाण्याचं प्रमाण दीड टक्क्याने वर गेलं, टँकरला सांगून पाणी वाढवलं, आणि त्या शनिवारी सलग सहा जागी लेयर पास. ९८.६, ९९.१, असे आकडे अजून आठवतात. रात्री घरी फोन करून वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग, चिरो कधी भट्टीत भाजतत काय?"

हेल्पर विशीतला पोरगा, फांग समाजाचा, गाव तिथून तासाभरावर. मला स्पॅनिश येत नव्हतं, त्याला इंग्रजी नाही. आमची भाषा वजनकाट्यावर सुरू झाली, आकडे पहिले, मग उमेदाद म्हणजे ओलावा, युविया म्हणजे पाऊस, आणि फांगमधलं एम्बोलो, जे सकाळी भेटणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं. सहा महिन्यांत तो माझ्याशिवाय टेस्ट करायला लागला आणि माझ्यापेक्षा स्वच्छ खड्डा खणायचा, कडा एकदम उभ्या. एका रविवारी तो मला गावी घेऊन गेला. आईने शेंगदाण्याच्या रश्शातली कोंबडी केली होती, आपल्या दाण्याच्या आमटीची आठवण यावी अशी, बरोबर उकडलेला कसावा. गावात नळ नव्हता, बायका ओढ्यावरून पाणी आणत होत्या. तेव्हा त्या देशाचं दरडोई उत्पन्न आफ्रिकेत सगळ्यात वरच्यांपैकी होतं. आणि तासाभरावर आम्ही सहा पदरी रस्त्याला ९८ टक्के डेन्सिटी आणत होतो, ज्यावरून जाणारा माणूस अजून आलेला नव्हता. ते पाणी प्यालो आणि मला ते आवडलं नाही, म्हणजे पाणी नव्हे, हा सगळा हिशोब. त्या दिवसापासून माझ्या मनात ते कायम राहिलं आणि अजून आहे.

माणसं नव्हती असं पण नाही, होती, पण प्लॅनमध्ये जिथं दाखवली होती तिथं नव्हती. होती ती आमच्या कॅम्पच्या गेटबाहेर. मी आलो तेव्हा तिथं एक बाई बसायची, छत्री आणि एक टोपलं, तळलेली कच्ची केळी विकायची, मोठी भाजीची केळी असतात तसली, पाचशे फ्रँकला कागदभर, म्हणजे आपले तेव्हाचे पन्नास-साठ रुपये. सगळे तिला मामा म्हणायचे, म्हणजे आई. तिच्या शेजारी कॅमेरूनची एक आली, भजीसारखे गोड गोळे आणि त्याबरोबर चवळीसारखी उसळ. मग भाजलेले मासे. मग एकाने जनरेटर आणला आणि मोबाइल चार्जिंग सुरू केलं. केस कापणारा आला. शिवणयंत्र घेऊन एक माणूस आला, आमच्या सगळ्यांच्या फाटलेल्या पँटी तोच शिवायचा. २०१४ च्या मध्यापर्यंत तिथं चाळीसेक टपऱ्या होत्या, पत्र्याच्या, फळ्यांच्या, ताडपत्रीच्या, संध्याकाळी इतकी गर्दी की गाडी काढायला हॉर्न मारत बसायला लागायचं. फ्रेंच, स्पॅनिश, फांग, अरबी, चिनी, त्यात आमचं मराठी. काका मला म्हणायचे की सर्व्हेच्या मशीनवर बघितलं तर शहर तिकडं आहे, पण नाक सांगतं की शहर इकडं आहे. मी त्यांना म्हटलं काका, मग ह्यांना प्लॅनमध्ये एखादा प्लॉट का नाही देत, बाजारपेठ म्हणून? त्यांनी सांगितलं की त्यांनी एकदा साइट मीटिंगमध्ये विषय काढला होता, उत्तर आलं की हा टेंपररी एरिया आहे.

मला मलेरिया दोनदा झाला. दुसऱ्यांदा जबरदस्त, तीन दिवस थंडी वाजून दात वाजत होते. कॅम्पच्या नर्सने गोळ्या दिल्या, पण मामाने पोराबरोबर रोज संध्याकाळी मिरीमसाल्याचं माशाचं सूप पाठवलं, पेपेसूप म्हणतात त्याला, आणि पैसे घेतले नाहीत. आजारी माणसाकडून घेत नाहीत म्हणाली.

२०१४ च्या जूनमध्ये तेल ११० डॉलरच्या आसपास होतं. जानेवारी २०१५ मध्ये ५० च्या खाली. आम्हाला हे पेपर वाचून कळायची गरज पडली नाही, डिझेलचा टँकर आठवड्यातून तीनदा यायचा तो एकदा यायला लागला, मग ग्रेडर दोनातला एक उभा, मग सुटीवर गेलेली माणसं परत आलीच नाहीत. आमचे पगार एक महिना, मग दोन महिने लांबले. त्यात इबोलाची बातमी, आई रोज फोनवर, "टीव्हीवर दाखवतायत रे, तू ये परत, पैसे नकोत आम्हाला." इक्वेटोरियल गिनीत एकही केस नव्हती, पण आईला आफ्रिका म्हणजे सगळी एकच.

त्याच इबोलामुळे मोरोक्कोने फुटबॉलचा आफ्रिका कप भरवायला नको म्हटलं आणि तो जानेवारी २०१५ मध्ये आमच्याकडे आला, मोंगोमोला सुद्धा मॅचेस होत्या. ३१ जानेवारीला क्वार्टर फायनल, ट्युनिशियाबरोबर. गेटबाहेर जनरेटरवाल्याने टीव्ही लावला, दोनशे तरी माणसं, काही टपऱ्यांच्या पत्र्यावर चढलेली. ट्युनिशिया एक गोलने पुढं, वेळ संपली, आणि एकदम शेवटी पेनल्टी मिळाली. बाल्बोआने मारली. मग एक्स्ट्रा टाइममध्ये त्यानेच फ्री किक मारली, लांबून, सरळ वरच्या कोपऱ्यात. त्या पेनल्टीवरून नंतर खूप वाद झाला ते बरोबर होतं, मला स्वतःला ती पेनल्टी वाटली नव्हती. पण त्या रात्री मामा टोपलं डोक्यावर घेऊन नाचत होती, कॅमेरूनची बाई नाचत होती, आमचे काका, वय वर्षं अठ्ठावन्न, माझ्या हेल्परच्या खांद्यावर. ओयालात मी बघितलेली सगळ्यात मोठी गर्दी ती, आणि ती सगळी त्या टेंपररी एरियात.

मार्चमध्ये कॅम्प अर्धा बंद झाला. गिऱ्हाईकच गेलं तर टपऱ्या कशाला राहतील, आधी चार्जिंगवाला गेला, मग न्हावी, मग मासे. परदेशी मजुरांचे कागद तपासायला लागले तेव्हा कॅमेरूनची बाई एका रात्रीत गेली, तिच्याकडे माझे बाराशे फ्रँक जमा होते ते तिने मामाकडे ठेवून दिले होते. मे महिन्यात एक डोझर आला आणि उरलेल्या पत्र्यांसकट ती जागा साफ करून गेला, पाच-सहा तासांचं काम. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि तिथं परत तांबडी माती, पायाखाली बाटल्यांची बुचं दाबली गेलेली. मी तिथं उभा राहून सवयीने टाच ठोकून बघितली. दोन वर्षं माणसांनी चालून चालून ती जमीन इतकी घट्ट झालेली की कुठल्याही रोलरने केली नसती. टेस्ट घ्यावी असं खूप वाटलं, पण वाळू संपली होती.

जूनमध्ये मी निघालो. थकलेला पगार चार महिन्यांनी आला, एक हप्ता आलाच नाही. हेल्परला मी माझा वजनकाटा आणि छिन्नी दिली. निघताना खाणीतलं मुठीएवढं ढेकूळ घेतलं होतं, पण एअरपोर्टवर झाड-माती काही न्यायची नाही म्हणून काढून ठेवायला लागलं. मुंबईत उतरल्यावर पिवळं कार्ड दाखवलं, शिक्का पडला, राजापूरची गाडी पकडली.

२०१७ च्या फेब्रुवारीत सरकार काही काळासाठी ओयालात हलवल्याची बातमी वाचली आणि हेल्परला मेसेज टाकला. त्याने एक फोटो पाठवला, आमचाच रस्ता, किलोमीटरचा दगड ओळखू येत होता. मी फोटो मोठा करकरून भेगा शोधल्या, त्या भागात एकही नाही, खचलेलं काही नाही, फक्त कडेचं गवत कंबरेएवढं. मग विचारलं, मामा कुठं असते? त्याने व्हॉइस मेसेज पाठवला, मागं कोंबड्यांचा आवाज. मोंगोमेयेनच्या एअरपोर्टकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाका आहे, गाड्या थांबतात तिथं बसते म्हणाला. केळी अजून पाचशेलाच, पण कागद लहान केलाय.